गेरू, ऊन आणि १.२३ व्होल्ट

खानदेशात गेरू कोणाला ठाऊक नाही? तुळशीवृंदावनाला तो लावतात, अंगणातल्या ओट्याला फासतात, पोळ्याला बैलांच्या अंगावर त्याचे ठिपके उठतात. आमच्या पिंप्राळ्यातल्या जुन्या विटांचा आणि कौलांचा तांबडा रंग ज्या पदार्थामुळे येतो तोच गेरूतही असतो. त्याचे नाव हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचे एक ऑक्साइड. त्याच्या एका रेणुसूत्रात लोहाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. असा हा स्वस्त, बिनविषारी आणि पाण्यात न विरघळणारा पदार्थ उन्हात धरला, तर त्याच्या साहाय्याने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे विघटन करता येईल का, या प्रश्नावर जगभर सुमारे पन्नास वर्षे काम चालू आहे.

या कामाचा एक प्रसिद्ध आढावा २०११ साली 'केमससकेम' या नियतकालिकात आला. लेखक केव्हिन सिवुला, फ्लोरियन ल फोर्माल आणि मिखाएल ग्रेट्झेल. तिघेही त्या वेळी स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविज्ञान संस्थेत काम करणारे. हा विषय हाती घेणारा विद्यार्थी बहुधा याच लेखापासून सुरुवात करतो. पिंप्राळ्याहून पश्चिमेला गिरणेचा पूल ओलांडला की कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ लागते. आपल्या शाळांतून बाहेर पडलेली मुले पुढे अशाच विद्यापीठांत पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र शिकतात आणि तेथे अशा आढाव्यांची भाषा उचलतात. म्हणून या लेखाचे मूल्यमापन शाळेतल्या शिक्षकांनीही करून पाहावे असे आम्हाला वाटते. लेख उत्तम आहे. पण प्रगती मोजण्याची जी खूण या क्षेत्राने स्वीकारली आहे, आणि जी या लेखातही सर्वत्र वापरली आहे, ती नवख्या वाचकाची दिशाभूल करते. आमची तक्रार एवढीच आहे, आणि ती आकड्यांनिशी मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पदार्थ चांगला, पण तीन खोडी

प्रथम या लेखाची जमेची बाजू. हेमॅटाइटचे गुण आणि दोष त्यात अतिशय स्वच्छपणे वेगळे केले आहेत. ते समजून घेतल्याखेरीज पुढचा वाद कळणार नाही.

हेमॅटाइट हा अर्धवाहक आहे. त्यावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतका वर उचलला जातो आणि त्याच्या मागे एक रिकामी जागा उरते. या रिकाम्या जागेला पुस्तकात 'होल' म्हणतात. होल पृष्ठभागावर पोचला, तर तो पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो व ऑक्सिजन सुटतो. वर उचललेला इलेक्ट्रॉन तारेतून दुसऱ्या विद्युतअग्राकडे जातो आणि तेथे हायड्रोजन सुटावा अशी अपेक्षा असते. पाण्याच्या विघटनाला दर इलेक्ट्रॉनमागे किमान १.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आपल्याजवळ २.१ आहेत. मग अडले कुठे?

पहिली खोड उंचीची. विहिरीतून पाणी एकवीस हात वर उपसले, पण शेताच्या पाटाचे तोंड त्याहूनही चार-सहा हात उंच असेल, तर पाटात पाणी पडणार नाही. विहीर फार खोल आहे, उपसा पुरेसा आहे, पण मोजायला सुरुवात फार खालून झाली आहे. हेमॅटाइटचे असेच आहे. होल आवश्यकतेपेक्षा कितीतरी जास्त जोराचा असतो, पण इलेक्ट्रॉन हायड्रोजन सोडण्याच्या पातळीपर्यंत पोचतच नाही. तो साधारण ०.४ ते ०.६ व्होल्टने कमी पडतो. म्हणून हेमॅटाइटची पट्टी नुसती पाण्यात बुडवून उन्हात ठेवली तर हायड्रोजन मिळत नाही. जळगावच्या मे महिन्यातले ऊन असले तरी नाही. बाहेरून विद्युत दाब द्यावाच लागतो.

दुसरी खोड अंतराची. पिवळा-हिरवा प्रकाश (सुमारे ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा) पुरेसा शोषला जाण्यासाठी हेमॅटाइटचा थर निदान १२० नॅनोमीटरच्या आसपास जाड हवा. पण होल मात्र २ ते ४ नॅनोमीटर, फार तर २० नॅनोमीटर चालतो आणि वाटेतच इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो. पिंप्राळ्याच्या आषाढी एकादशीच्या रथोत्सवात गर्दीच्या कडेला उभा असलेला माणूस सहज बाहेर पडतो. रथाजवळ अडकलेल्याला दहा पावले टाकणेही जमत नाही. आतल्या भागात जन्मलेल्या बहुतेक होलांची गत ही अशी असते.

तिसरी खोड आळसाची. पृष्ठभागापर्यंत पोचलेला होलसुद्धा पाण्याशी लवकर व्यवहार करत नाही. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला चार होल एकामागून एक लागतात. ते जमेपर्यंत अनेक होल वाया जातात. हा वेळकाढूपणा भरून काढायला आणखी विद्युत दाब लागतो.

सुधारणा कशा झाल्या

या तिन्ही खोडींवर शोधलेले उपाय हा आढाव्याचा गाभा आहे आणि तो वाचनीय आहे. अंतराच्या खोडीवर उपाय असा : थर सपाट न ठेवता त्याला फुलकोबीसारखा आकार द्यायचा. प्रकाशाला पुरेशी जाडी मिळते आणि प्रत्येक होलाला जवळच कुठेतरी पृष्ठभाग सापडतो. २००६ साली आंद्रेआस के, इलकाय सेझार आणि ग्रेट्झेल यांनी असा सुमारे ५०० नॅनोमीटर जाडीचा थर बनवला. त्याच्या वरच्या टोकांची रुंदी अवघी १० ते २० नॅनोमीटर होती. थरात थोडे सिलिकॉन मुद्दाम मिसळले होते. अर्धवाहकांच्या व्यवहारात अशी सहेतुक भेसळ उपकारक ठरते, कारण तिच्यामुळे वीज वाहून नेण्याची क्षमता वाढते आणि स्फटिकांची वाढही बदलते. खाली काचेलगत सिलिकाचा अतिपातळ थर आणि वर कोबाल्टचा एकअणुक थर दिला. इतके केल्यावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे २.२ मिलिअँपिअर विद्युतधारा मिळाली. त्या वेळी हा विक्रम होता.

आळसाच्या खोडीवर दोन उपाय आहेत. एक म्हणजे वर उत्प्रेरक बसवणे. २०१० साली याच गटाने इरिडियम ऑक्साइडचे कण लावून ३.३ मिलिअँपिअरपर्यंत मजल मारली. दुसरा म्हणजे पृष्ठभागावरील सदोष जागा, ज्यांत होल अडकून पडतात, त्या ॲल्युमिनासारख्या पदार्थाच्या अतिपातळ थराने बुजवणे. आढावा प्रसिद्ध झाल्यानंतर २०१३ साली कोरियातील एका गटाने गांडुळासारख्या आकाराचे स्फटिक, प्लॅटिनमची भेसळ आणि कोबाल्ट-फॉस्फेटचा उत्प्रेरक यांच्या मदतीने ४.३२ मिलिअँपिअर गाठले. हेमॅटाइट जितका प्रकाश शोषू शकते त्या हिशोबाने कमाल मर्यादा १२.६ मिलिअँपिअर आहे. म्हणजे २.२, ३.३, ४.३२ अशी चढण आणि शिखर १२.६ वर. एक तृतीयांश वाट सरली, असे कोणालाही वाटेल.

नेमके येथेच थांबायला हवे.

शून्याचा हिशोब

हे सगळे आकडे एका ठरावीक खुणेवर मोजलेले आहेत. हायड्रोजनच्या प्रतिवर्ती विद्युतअग्राच्या तुलनेत हेमॅटाइटवर १.२३ व्होल्टचा दाब ठेवायचा आणि मग उन्हाइतक्या प्रखर दिव्याखाली धारा मोजायची. पण १.२३ व्होल्ट हा तर पाण्याच्या विघटनाला लागणारा किमान दाब! तो दाब बाहेरूनच आणला, तर सूर्याने काय दिले?

गणित सोपे आहे, दहावीच्या वर्गातही करता येईल. एक चौरस मीटरचे असे विद्युतअग्र घेऊ. दर चौरस सेंटिमीटरला ४.३२ मिलिअँपिअर म्हणजे एकूण ४३.२ अँपिअर. या धारेने तासाला सुमारे १.६ ग्रॅम हायड्रोजन सुटेल. त्यात साठलेली उपयुक्त ऊर्जा ४३.२ × १.२३, म्हणजे सुमारे ५३ वॅटच्या दराने. आता बाहेरून आपण काय दिले? तीच धारा, तोच दाब : ४३.२ × १.२३, म्हणजे पुन्हा ५३ वॅट. जेवढे दिले तेवढेच मिळाले. दुसरे विद्युतअग्र आदर्श आहे असे मानून हा हिशोब आहे. प्रत्यक्षात तेथेही थोडा दाब खर्च होतो, त्यामुळे पारडे किंचित तोट्याकडेच झुकेल. एक चौरस मीटरवर पडलेल्या १००० वॅट उन्हातून हायड्रोजनमध्ये साठलेली निव्वळ भर मात्र शून्य.

सामान्य नियम असा मांडता येतो : १.२३ मधून बाहेरचा दाब वजा करा, उरलेल्याला धारेने गुणा. उदाहरणादाखल, १.० व्होल्टवर २ मिलिअँपिअर मिळाले, तर ०.२३ × २, म्हणजे ०.४६ मिलिवॅट. चौरस सेंटिमीटरवर ऊन १०० मिलिवॅट पडते, तेव्हा कार्यक्षमता ०.४६ टक्के. म्हणून खरे तर कमी दाबावर किती धारा सुरू होते हे पाहायला हवे. १.२३ व्होल्टवरचा विक्रम कितीही वाढला तरी या सूत्रात त्याची किंमत शून्यच राहते.

दुसरी बाजू

येथे संशोधकांवर अन्याय होऊ नये. ते काही लपवत नाहीत. हेमॅटाइट स्वबळावर हायड्रोजन देत नाही, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि आढाव्यातही जास्तीच्या दाबाची अडचण पहिल्यापासून मांडलेली आहे. १.२३ ही खूण तुलनेसाठी आहे. दहा प्रयोगशाळांनी दहा वेगवेगळ्या दाबांवर मोजले, तर कोणाचा थर चांगला हे कधीच कळणार नाही. शिवाय साध्या विद्युत अपघटनाला प्रत्यक्षात १.८ व्होल्टच्या आसपास दाब लागतो. हेमॅटाइटमुळे तो १.२३ वर आला तर ४३.२ अँपिअरमागे सुमारे २५ वॅट वीज वाचली, हेही खरे. उन्हाच्या तुलनेत ही बचत अडीच टक्के आहे.

बाहेरचा दाब दुसऱ्या एका सौर घटाकडून घ्यावा, असाही मार्ग आहे. हेमॅटाइट पिवळ्यापर्यंतचा प्रकाश शोषते आणि लाल प्रकाश सोडून देते. तो मागे ठेवलेल्या सिलिकॉनच्या घटाने घ्यावा आणि विहिरीतले पाणी उरलेले चार-सहा हात वर चढवावे. अशी जोडगोळी प्रत्यक्षात करून दाखवली गेली आहे. २०१५ साली अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजच्या दुनवेई वांग यांच्या गटाने हेमॅटाइट आणि अस्फटिकी सिलिकॉन यांच्या जोडीने, बाहेरून कोणतीही वीज न देता, पाण्याचे विघटन केले. कार्यक्षमता ०.९१ टक्के. हा आकडा लहान दिसतो, पण तो प्रामाणिक आहे, कारण त्यात बाहेरचे काही नाही. आमच्या मते ४.३२ पेक्षा हा ०.९१ मोठा आहे.

स्वस्ताईचा दावा

दुसरा आक्षेप किमतीचा. लोह विपुल आहे, म्हणून हेमॅटाइट घ्यावे, असे प्रत्येक लेखाच्या आरंभी असते. पण विक्रमाच्या पायऱ्या पुन्हा पाहा. एका पायरीवर इरिडियम आहे, दुसरीवर प्लॅटिनम. दोन्ही पृथ्वीवरील अतिदुर्मीळ धातूंपैकी. खाली टिन ऑक्साइडचा वाहक थर दिलेली खास काच लागते आणि अनेक पद्धतींत ती ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी लागते. सामान्य काच त्या तापमानाला टिकत नाही. कपडा गेरूत रंगवलेला, पण काठ जरीचा, अशातला हा प्रकार आहे. किंमत काढायची तर काठासकट काढली पाहिजे.

याच संदर्भात आपल्याकडील कामाची आठवण ठेवावी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तापलेल्या काचेवर द्रावण फवारून अर्धवाहकांचे पातळ थर बनवण्याची परंपरा आहे. तेथील प्रा. पी. एस. पाटील यांनी १९९९ साली या फवारणी पद्धतीवर लिहिलेला आढावा आजही उपयोगी आहे. आग्र्याच्या दयालबाग शिक्षणसंस्थेत विभा सत्संगी, रोहित श्रीवास्तव आणि सहाब दास यांनी हेमॅटाइटमध्ये निरनिराळ्या धातूंची भेसळ करून दीर्घकाळ अभ्यास केला. साध्या उपकरणांनी, स्वस्त पदार्थांनी केलेल्या कामाची धारा विक्रमी नसते. फक्त कमाल आकड्यांचा तक्ता मांडला की असे काम त्यात मागे पडते. किंमत आणि टिकाऊपणा यांचे रकाने असते, तर तक्ता वेगळा दिसला असता.

खानदेशातून पाहता

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. तेथे हायड्रोजन बनत नाही, फक्त वीज बनते. पण तुलनेसाठी विचार करू. आजच्या चांगल्या सौर पट्टीची कार्यक्षमता २० टक्के धरली, तर एक चौरस मीटरमधून भर उन्हात २०० वॅट मिळतात. ते १.८ व्होल्टवर चालणाऱ्या विद्युत अपघटन यंत्राला दिले, तर सुमारे १११ अँपिअर धारा वाहील आणि तासाला सुमारे ४ ग्रॅम हायड्रोजन मिळेल. उन्हाच्या हिशोबाने कार्यक्षमता जवळजवळ १४ टक्के. यात बाहेरचा एक वॅटही नाही. हेमॅटाइटची तात्त्विक कमाल मर्यादा १२.६ × १.२३, म्हणजे साडेपंधरा टक्के. म्हणजे शिखर गाठले तरी ते बाजारात आज मिळणाऱ्या दोन यंत्रांच्या जोडणीहून फारसे उंच नाही.

मग हे संशोधन सोडून द्यावे का? आमचे उत्तर नाही असे आहे. होल पृष्ठभागावर का अडखळतो, चार होल एकत्र येऊन ऑक्सिजनचा रेणू कसा घडतो, हे प्रश्न विद्युत अपघटन यंत्रातल्या उत्प्रेरकांनाही लागू आहेत. त्यांची उत्तरे शोधायला हेमॅटाइटसारखा क्षारीय द्रावणात न झिजणारा, सोशिक पदार्थ दुसरा क्वचित सापडेल. आढाव्याचा शेवटचा भाग अशाच बारीक मोजमापांविषयी आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत टिकाऊ आहे. फक्त 'उद्याचे इंधन' म्हणून नव्हे, तर 'आजचा प्रश्न' म्हणून हेमॅटाइटकडे पाहावे.

वर्गात काय करावे

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट. त्यामुळे विज्ञान प्रदर्शनांत 'पाण्यापासून इंधन' अशा पाट्या वाढत जाणार. या पाटीतच पहिली चूक आहे. पाणी हे इंधन नव्हे. पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. राखेतून पुन्हा लाकूड करायचे, तर जळताना निघालेली ऊर्जा परत घालावीच लागणार. ती कुठून आली, एवढाच खरा प्रश्न.

एक सोपा प्रयोग सुचवतो. दोन पेन्सिलींची शिसे धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बुडवा. मीठ वापरू नका, विषारी क्लोरीन सुटतो. प्रथम १.५ व्होल्टचा एकच घट जोडा. बुडबुडे जवळजवळ दिसणार नाहीत. मग दोन घट एकसर जोडा. बुडबुडे सुरू होतील. सुटणारे वायू कोंडू नका आणि पेटवू नका. कागदावर १.२३ व्होल्ट पुरतात, तरी १.५ का पुरले नाहीत, हे मुलांना विचारा. आळसाची खोड त्यांना तेथे डोळ्यांनी दिसेल.

पुढे प्रदर्शनात, वर्तमानपत्रात किंवा संशोधनपत्रिकेत सूर्यप्रकाशातून हायड्रोजनचा दावा दिसला, की तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. बाहेरून किती व्होल्ट दिले? सर्वांत महाग घटक कोणता आणि तो किती लागला? यंत्र किती तास चालले? ही तीन उत्तरे देणारा लेख लहान आकड्यांचा असला तरी विश्वासाने वाचावा.

सिवुला, ल फोर्माल आणि ग्रेट्झेल यांचा आढावा उच्च माध्यमिकच्या शिक्षकांनी जरूर मिळवून वाचावा. पदार्थाचे गुणदोष इतक्या नेटकेपणाने मांडणारे लेखन विरळा. वाचताना मात्र हाताशी कागद ठेवावा आणि १.२३ व्होल्टवरच्या प्रत्येक आकड्यापुढे आणखी एक रकाना आखून त्यात सूर्याचा वाटा लिहीत जावे. त्या रकान्यात बरीच शून्ये येतील. ती कशी घालवायची, हा प्रश्न पुढच्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी शिल्लक आहे.